भरावाखालची जमीन : अनुभवाचे दहा बोल

मुंबईच्या नकाशावर आज जी सलग जमीन दिसते, तिचा मोठा भाग तीनशे वर्षांपूर्वी समुद्र, खाडी किंवा दलदल होता. माझी नोकरी आणि नंतरचा व्यवसाय याच भागात झाला. इमारत, पूल किंवा धक्का बांधण्याआधी जमिनीत बोअर घ्यायचे, थराथराचे नमुने काढायचे, प्रयोगशाळेत तपासायचे आणि पाया कुठे, किती खोल टेकवायचा ते बांधणाऱ्याला सांगायचे, हे माझे काम. दक्षिण मुंबई, नवी मुंबई, उरण, अलिबाग आणि पुढे गोव्यापर्यंतच्या खाड्यांच्या काठी हे काम करताना एक गोष्ट मनात पक्की झाली. भराव टाकला की पृष्ठभाग मिळतो. जमीन तयार होते ती खालच्या थरांना पुरेसा वेळ मिळाल्यावर. हा फरक ज्यांनी ओळखला त्यांच्या इमारती सरळ उभ्या आहेत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी, आणि अशा जमिनीवर घर घेणाऱ्यांसाठीही, जे शिकलो ते क्रमाने लिहीत आहे.

१. मशीन लावण्याआधी जुना नकाशा उघडा

बोअर कुठे घ्यायचे हे प्लॉटचे चार कोपरे मोजून ठरवू नये. तो प्लॉट पूर्वी काय होता ते आधी शोधावे. मुंबईचा भराव एका दमात झालेला नाही. हॉर्नबी वेलार्डचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि महालक्ष्मी व वरळी यांच्यामधल्या खिंडारातून आत शिरणारे भरतीचे पाणी अडले. पाणी अडले, तरी आतली जमीन काही वर आली नाही. भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा हा सखल पट्टा त्यानंतर कित्येक दशके थोडा थोडा भरला जात होता. कुलाब्याचा कॉजवे १८३८ चा, माहीमचा १८४५ चा. बॅकबे भरण्याचा पहिला मोठा घाट १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत घातला गेला आणि १८६५ च्या मंदीत कोसळला. दुसरा प्रयत्न १९२० च्या दशकातला. नरिमन पॉइंटचा भराव स्वातंत्र्यानंतरचा. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन प्लॉटांखालची माती दोन वेगळ्या शतकांतली असू शकते.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे जुनी किनाररेषा जिच्यामधून जाते ती. अशा एका जागी एका कोपऱ्यात चार मीटरवर कातळ लागला आणि रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यात अठरा मीटरपर्यंत चिखलच निघत राहिला. एकच इमारत अर्धी कातळावर आणि अर्धी चिखलावर टेकवली, तर चिखलाकडची बाजू बसते आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात. जुन्या नकाशावरची ती रेघ आधी पाहिली असेल, तर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जास्तीचे बोअर घेता येतात. त्या दोन-चार बोअरांइतका स्वस्त विमा बांधकामात दुसरा नाही.

२. ‘भराव’ या एका शब्दावर समाधान मानू नका

अहवालात वरच्या थरापुढे नुसते ‘भराव’ लिहिलेले दिसले की मी तो परत पाठवतो. कसला भराव? प्रत्येक काळाने आपल्याजवळ जे होते ते समुद्रात टाकले. एकोणिसाव्या शतकात सखल भागात टेकड्या फोडून आणलेला मुरूम पडला आणि शहराचा केरकचराही पडला. १९२० च्या दशकात बॅकबेमध्ये बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून नळांतून आणून ओतला गेला. त्या योजनेच्या खर्चावरून आणि रखडण्यावरून खुर्शेद नरिमन यांनी रान उठवले होते. नरिमन पॉइंटला त्यांचेच नाव आहे. अलीकडच्या भरावांत डबर, खाणीची कच, समुद्रातली वाळू आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा सापडतो.

यातला प्रत्येक प्रकार वेगळा वागतो. केरकचरा कुजत राहतो, त्यातून वायू सुटतो आणि तो वर्षानुवर्षे बसत राहतो. ओतलेला गाळ आतून ओलाच राहतो. मोठ्या डबराच्या भरावात दगडांमध्ये पोकळ्या असतात आणि वरची बारीक माती पाण्याबरोबर त्यांत झिरपत जाते. मग एका पावसाळ्यानंतर फरसबंदी अचानक खाली बसलेली दिसते. मातीची घट्टता मोजण्यासाठी आपण जी नेहमीची चाचणी करतो, म्हणजे ६३.५ किलोचा हॅमर ७५ सेंटिमीटरवरून टाकून नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजणे, ती इथे फसवते. नळीचे टोक एखाद्या दगडावर बसले की पन्नास ठोके पडतात आणि कागदावर ती माती कातळाइतकी मजबूत दिसते. म्हणून भरावात आकड्यावर विसंबू नये. दोन-तीन मीटर खोल खड्डे खणावेत, आत उतरून डोळ्यांनी पाहावे, आणि काय दिसले ते शब्दांत लिहावे : विटांचे तुकडे, राख, लाकूड, शिंपले, प्लास्टिक. कशावर बांधतो आहोत ते त्या यादीतून कळते.

३. काळ्या चिकणमातीशी घाई करू नका

भरावाखाली बहुतेक ठिकाणी जो थर लागतो, त्याच्याभोवतीच आमचा सगळा व्यवसाय फिरतो. करडी-काळी, गुळगुळीत, शिंपल्यांचे तुकडे असलेली, कुजट वासाची सागरी चिकणमाती. सह्याद्रीचा आणि कोकणाचा काळा दगड झिजून झालेली माती नद्यांनी खाड्यांत आणली आणि ती खाऱ्या पाण्यात संथपणे तळाला बसली. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती. ती चढत येऊन किनारा साधारण आजच्या जागी स्थिरावला त्याला काही हजार वर्षेच झाली. या मातीचे वय तेवढेच आहे आणि तिच्यावर आजवर कोणतेही मोठे वजन पडलेले नाही. तिच्यात बऱ्याचदा मातीच्या कणांच्या वजनाइतकेच पाणी असते. कित्येक बोअरांत हॅमर उचलावाच लागत नाही. ‘साहेब, रॉड आपल्या वजनानेच बसला,’ असे मिस्त्री सांगतो आणि नोंदवहीत ठोक्यांच्या जागी शून्य पडते.

अशा मातीवर भराव टाकला की काय होते त्याचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. तीन मीटर मुरुमाचा भराव म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेपाच टन वजन. साधारण पाच मजली इमारतीचे वजन एवढेच भरते. म्हणजे अजून एक वीटही रचलेली नसते आणि त्या मातीवर पाच मजले चढलेले असतात. वजन येताच मातीतले पाणी दाबाखाली येते, पण कणांमधल्या वाटा इतक्या बारीक असतात की ते बाहेर पडायला फार वेळ घेते. जेवढे पाणी बाहेर पडते तेवढीच माती खाली बसते. या प्रक्रियेचा हिशोब कार्ल टर्झागी यांनी १९२५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि आमचे शास्त्र तिथून उभे राहिले. त्यातला एक नियम नव्या मुलांनी पाठ करावा : लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. थर दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. दहा मीटर जाडीच्या थराला वरून आणि खालून दोन्हीकडे पाण्याला वाट असली, तरी पुरते बसायला वीस वर्षे सहज लागतात, आणि तेवढ्यात जमीन मीटरभर किंवा त्याहून अधिक खाली जाते.

उपाय याच नियमात आहे. पाण्याची वाट जवळ आणायची. पूर्वी त्यासाठी मातीत वाळूचे खांब उतरवत. आता दहाएक सेंटिमीटर रुंदीच्या, गाळणीचे कापड गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मशीनने थराच्या तळापर्यंत उभ्या टोचतात, मीटर-दीड मीटर अंतरावर. वर जास्तीचा भराव टाकून दाब देतात. पाणी आडवे जवळच्या पट्टीपर्यंत जाते, पट्टीतून वर येते, आणि दशकांचे काम काही महिन्यांत उरकते. न्हावा शेव्याचे बंदर असो की उलव्याची टेकडी कापून नदीचा प्रवाह वळवून केलेला नवी मुंबईचा विमानतळ, तिथल्या खाजणाच्या मातीवर असे उपाय करूनच काम पुढे गेले.

यातला मोह एकच असतो : तारीख जवळ आली की जास्तीचा भराव लवकर उचलायचा. जमिनीत बसवलेल्या मोजपट्ट्या ‘अजून नाही’ म्हणत असतील, तर तो उचलू नये. कंत्राटातल्या तारखेचा मातीशी संबंध नसतो. जपानमधल्या ओसाकाच्या उपसागरात भराव टाकून केलेल्या कन्साई विमानतळाने हे जगाला दाखवले. १९९४ मध्ये तो सुरू झाला. वरच्या मऊ थरातले पाणी वाळूच्या खांबांनी काढले होते, पण त्याखालचे जुन्या मातीचे जाड थर बसतच राहिले. पहिले बेट आजवर दहा मीटरांहून अधिक खचले आहे. तिथल्या अभियंत्यांनी खचणे आधीच गृहीत धरून टर्मिनलच्या खांबांखाली जॅक बसवले होते, म्हणून इमारत सपाट राहिली. खचणे थांबवता येत नसेल, तर ते कबूल करून बांधावे.

४. बोअरवरच्या मिस्त्रीचे ऐका

प्रयोगशाळेचे आकडे आठवड्यांनी येतात. जमिनीचा पहिला अहवाल मशीनवरच्या माणसाच्या हाताला मिळतो. परत येणाऱ्या पाण्याचा रंग काळ्याचा पिवळा झाला, रॉडची थरथर बदलली, बिट एकदम दोन वीत खाली गेले, पाणी परत यायचेच थांबले, हे सगळे त्याला तिथल्या तिथे कळते. पाणी नाहीसे होणे म्हणजे खाली पोकळी, डबराचा थर किंवा भेगाळलेला कातळ. नमुन्याच्या पेटीत यातले काही दिसत नाही.

चांगला मिस्त्री दिवसाच्या शेवटी या गोष्टी सांगतो, पण विचारले तरच सांगतो. म्हणून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी सांगत आलो आहे की चहाच्या वेळी ऑफिसच्या केबिनमध्ये न बसता मशीनजवळ बसावे, आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, खोलीसकट वहीत लिहावे. बोअर मीटरवर मोजून पैसे देण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. त्यात घाई करणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि काळजीने काम करणाऱ्याचे नुकसान होते. मऊ मातीचा न हललेला नमुना काढायला वेळ लागतो. पातळ नळी हळू दाबावी लागते, वर काढून लगेच मेणाने बंद करावी लागते, आणि खडबडीत रस्त्याने टेम्पोतून नेताना सांभाळावी लागते. हिसका बसलेला नमुना प्रयोगशाळेत खोटे बोलतो. त्या वेळेचे पैसे वेगळे द्यावेत.

५. पहिला कातळ शेवटचा समजू नका

चिकणमाती संपली की पिवळसर घट्ट माती, मग मुरूम, मग झिजलेला दगड आणि शेवटी कातळ, हा मुंबईचा नेहमीचा क्रम. कातळ लागला की सगळ्यांना हायसे वाटते. तिथेच थांबू नये.

मुंबईखालचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून आला. तो एकाच वेळी आला नाही. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर काही काळ शांततेचा गेला, त्या काळात डबकी आणि तळी साचली, त्यांच्या तळाशी गाळ बसला, आणि मग पुढच्या लाव्हाने तो झाकला. वरळीच्या टेकडीतल्या अशाच एका थरात एकोणिसाव्या शतकात बेडकांचे आणि कासवाचे जीवाश्म सापडले. भूशास्त्रात ते प्रसिद्ध आहेत. आमच्यासाठी त्यांचा अर्थ सरळ आहे : कठीण काळ्या पाषाणाखाली मऊ, पानापानांनी सुटणारा शेल असू शकतो. त्याशिवाय मुंबईत ज्वालामुखीच्या राखेचा दगड, म्हणजे टफ, आणि तुकड्यांचा दगड, म्हणजे ब्रेचिया, मुबलक आहे. ताजा टफ कोअर बॉक्समध्ये, म्हणजे बोअरमधून निघालेला दगड ठेवायच्या पेटीत, छान एकसंध दिसतो. तोच उन्हात आणि पावसात काही दिवस ठेवला तर भुसभुशीत होऊ लागतो. पाइलचा, म्हणजे पायाच्या खोल काँक्रीट खांबाचा, खड्डा खणून रात्रभर पाण्याने भरून ठेवला, तर तळाशी हेच घडते, म्हणून खोदणे आणि काँक्रीट ओतणे यांत अंतर ठेवू नये.

हे सगळे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. त्यामुळे पूर्वेच्या बोअरमध्ये दहा मीटरवर लागलेला शेल पश्चिमेच्या बोअरमध्ये बराच खोल असतो, आणि तिथे आधीच थांबलो तर तो सापडतच नाही. माझा नियम असा : पाया जिथे टेकणार त्याच्या खाली पाइलच्या व्यासाच्या निदान काही पट कातळात बोअर गेलाच पाहिजे. आणि कोअर बॉक्समध्ये जे आले त्याइतकेच जे आले नाही त्याच्याकडे पाहावे. दीड मीटर खोदून ऐंशी सेंटिमीटरच दगड हाती लागला असेल, तर हरवलेले सत्तर सेंटिमीटर मऊ होते म्हणून वाहून गेले. इमारतीला धोका त्याच सत्तर सेंटिमीटरांचा असतो.

मुंबईच्या किनारी रस्त्याचे दोन किलोमीटरहून थोडे लांब जुळे बोगदे मलबार हिलखालून गेले. ते खोदणाऱ्या ‘मावळा’ यंत्राचा व्यास १२.१९ मीटर होता. एवढे मोठे तोंड एकाच वेळी दोन-तीन प्रकारच्या दगडांना भिडते. बोअरवर घातलेला वेळ अशा ठिकाणी कारणी लागतो.

६. भरावातले पाणी समुद्राचे ऐकते

भरावाच्या जमिनीत पाण्याची पातळी एकदाच मोजून ‘दोन मीटर’ असे लिहिणे निरुपयोगी आहे. भरतीला किती, ओहोटीला किती, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला किती आणि पावसाळ्यात किती, अशी ती चारही वेळी मोजावी. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. डबराच्या भरावातून हे पाणी तळघरापर्यंत येते आणि परत जाते, आणि येता-जाता बारीक माती घेऊन जाते.

याहून गंभीर गोष्ट शेजाऱ्याची आहे. तळघरासाठी खोल खड्डा खणून पंपाने सतत पाणी उपसले की आजूबाजूची पातळी उतरते. पाण्याचा आधार गेला की मातीच्या कणांवरचा भार वाढतो आणि ती बसू लागते. खणणाऱ्याची नवी इमारत कातळावरच्या पाइलवर असते. तिला काही होत नाही. शेजारची जुनी चाळ उथळ दगडी पायावर असते, तिच्या भिंतींना भेगा जातात. पाणी आत येऊ न देणारी सलग भिंत आधी बांधणे, शेजाऱ्याच्या भिंतींवर खुणा करून रोज मोजणे आणि मर्यादा ओलांडली की काम थांबवणे ही माणुसकीची किमान अट आहे. खाऱ्या पाण्यामुळे सळई लवकर गंजते, म्हणून काँक्रीटचे मिश्रण आणि सळईवरचे आवरण पाण्याच्या तपासणीवरून ठरवावे. ही तपासणी अगदी स्वस्त असते आणि तीच सर्वांत आधी गाळली जाते.

७. पाइलला खाली ओढणारी माती विसरू नका

पाइल कातळात टेकला की बाजूची माती त्याला धरून आधार देते, असे पुस्तकात शिकतो. बसत असलेल्या भरावात हे उलटे होते. पाइल जागचा हलत नाही आणि भोवतालची माती खाली सरकत असते, म्हणून ती पाइलला आपल्याबरोबर खाली ओढते. हा भार इमारतीच्या वजनाव्यतिरिक्त पडतो आणि तो बराच मोठा असू शकतो. भरावाखालच्या पाइलच्या प्रत्येक गणितात तो धरलाच पाहिजे.

घर घेणाऱ्यांनीही यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाइलवरची इमारत स्थिर राहते आणि भोवतीचे अंगण बसते. मग पायरी आणि जमीन यांत फट पडते, गटाराचा उतार उलटतो, पाण्याची आणि गॅसची नळी जिथे भिंतीतून आत शिरते तिथे ताणली जाते. अशी फट दिसली की इमारत पडणार म्हणून घाबरू नये, पण ती सिमेंटने बुजवून गप्पही बसू नये. नळ्यांना लवचीक सांधे बसवून घ्यावेत, आणि जमीन वर्षाला किती बसते हे सोसायटीने एका ठरलेल्या खुणेपासून मोजून वहीत लिहावे.

८. भूकंपात वाळूकडे लक्ष ठेवा

पाण्याने भरलेली सैल वाळू मोठ्या हादऱ्यात काही क्षण द्रवासारखी वागते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात कांडला बंदरात हे दिसले. तिथली बंदर आणि सीमाशुल्क कार्यालयाची उंच इमारत पाइलवर उभी होती, तरीही कलली, कारण खालची माती समुद्राच्या दिशेला सरकली. आपल्या किनाऱ्यावरही बंदराच्या धक्क्यांमागे वाळूचे भराव असतात. टाकतानाच ती वाळू कंपन देऊन घट्ट केली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. वर बांधकाम झाल्यावर तेच काम कित्येक पटींनी महाग आणि अवघड होते.

९. खारभूमीतल्या शेतकऱ्याला विचारा

रायगड आणि रत्नागिरीत खाडीकाठच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खारजमीन पिकाखाली आणली. गोव्यात अशा खाजन जमिनी सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. भरतीचे पाणी अडवायचे आणि ओहोटीला आतले पाणी सोडायचे, यासाठी कोकणात उघाडी आणि गोव्यात मानस असते. या लोकांनी समुद्र बुजवला नाही. त्याच्याशी तडजोड करून जमीन मिळवली. बांध त्याच चिकणमातीचा, आणि तो दर वर्षी बसणार हे धरून दर वर्षी त्यावर माती चढवायची, हा गावाचा शिरस्ता. आमच्या शास्त्रात ज्याला टप्प्याटप्प्याने भार देणे म्हणतात, ते या बांधांवर गावाच्या कष्टाने होत आले.

पेणकडच्या एका गावात बांधाची पाहणी करताना एका वयस्क शेतकऱ्याला मी विचारले, ‘काका, बांध इथेच वळवलात, सरळ का नाही नेलात?’ ते म्हणाले, ‘सरळ नेला की त्या जागी दर साल बसतो. तिथे जुनी खाडी होती.’ आम्ही तिथे बोअर घेतला आणि चिकणमाती शेजारच्यापेक्षा बरीच जाड निघाली. ते बांध आता सांभाळायला माणसे उरली नाहीत, मुले शहराकडे गेली, पाणी आत शिरते आणि कोरगुटासारखी खाऱ्या मातीत तगणारी भाताची वाणे मागे पडतात. या जमिनी पडीक झाल्या की कोणीतरी त्यांवर मुरूम टाकून प्लॉट पाडतोच. पाणी सामावून घेणारी जागा तशी बुजली की पुढचा पूर वरच्या गावात जातो. मऊ मातीचा सर्वांत शहाणा उपयोग कधी कधी तिच्यावर न बांधण्यात असतो, आणि हे सांगणे मी माझ्या व्यवसायाचाच भाग मानतो.

१०. बोअरची नोंद जपा आणि सर्वांना द्या

मुंबईत प्रिन्सेस डॉकची गोदी १८८० मध्ये सुरू झाली. तिचे खोदकाम चालू असताना भरतीच्या पातळीखाली कित्येक मीटरवर, चिखलाच्या थराखाली, बुडालेले जंगल सापडले. साडेतीनशेहून अधिक झाडे, बहुतेक खैराची, कित्येक मुळांसकट उभीच. गोदीच्या अभियंत्यांचे काम दगड-माती काढण्याचे होते. तरी त्यांनी थांबून झाडे मोजली, खोली टिपली, लाकूड तपासून घेतले आणि ते छापले. म्हणूनच आज आपल्याला माहीत आहे की मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एके काळी जमिनीवर वाढलेले रान समुद्राखाली गेले.

आज मुंबईत त्या काळाच्या कितीतरी पट बोअर होतात. प्रत्येक इमारतीसाठी, प्रत्येक उड्डाणपुलासाठी, आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोसाठी जमिनीत भोके पडली. मी पाहिलेल्या बहुतेक नोंदी मालकाच्या फायलीत गेल्या, आणि काम संपल्यावर फाइल कुठे गेली ते कोणी विचारले नाही. कोअर बॉक्स तर गोदामाचे भाडे परवडत नाही म्हणून फेकून दिले जातात. मग दहा वर्षांनी शेजारच्या प्लॉटवाला तीच जमीन पुन्हा नव्याने शोधतो. खर्च दुप्पट होतो, आणि पैसे वाचवायला त्याने बोअर कमी घेतले तर धोका वर राहणाऱ्यांवर येतो.

माझे मागणे साधे आहे. बांधकामाची परवानगी देताना बोअरच्या नोंदीची एक प्रत, अक्षांश-रेखांशासह, नगरपालिकेने आपल्याकडे घ्यावी आणि ती कोणालाही पाहता यावी. त्यात मालकाचे कोणतेही गुपित नसते. मातीचे थर सर्वांचेच आहेत. अशा काही हजार नोंदी एका नकाशावर आल्या, तर काळी चिकणमाती कुठे किती जाड आहे, जुन्या खाड्या कुठून वाहत होत्या, शेल कुठे किती खोल आहे, हे आधीच कळेल. नवे काम तिथून पुढे सुरू होईल. ज्या महाविद्यालयांत स्थापत्य शिकवतात, तिथल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या जुन्या नोंदी गोळा करण्याचे काम उद्यापासून हाती घेतले, तरी चालेल; त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. समुद्राकडून घेतलेल्या जमिनीवर लाखो लोक झोपतात. त्यांच्या पायाखाली काय आहे ते जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे, आणि ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे हे आमचे कर्तव्य आहे.